काचेच्या टेबलटॉपची कड कशी ठरवावी: किनारपट्टीच्या घरांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

टेबलासाठी काच करून घेताना बहुतेक ग्राहक माप आणि जाडी घरून ठरवून जातात, आणि कडेचा प्रश्न मात्र दुकानाच्या काउंटरवर, समोर ठेवलेल्या चार नमुन्यांपैकी एकावर बोट ठेवून, अर्ध्या मिनिटात मिटवतात. घोटाळा तिथेच होतो. टफन केलेली, म्हणजे भट्टीत तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली, काच भट्टीतून बाहेर आल्यावर तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही आणि तिची कडही पुन्हा घासता येत नाही. कडेचे सगळे काम टफन करण्याच्या आधीच व्हावे लागते. कोकणातल्या गावांतला काचवाला टफन काच बहुधा बाहेरून करून आणतो. ती घाट उतरून किंवा मुंबई–गोवा महामार्गाने येते, त्यामुळे चुकलेल्या कडेची दुरुस्ती याचा अर्थ नवी काच, नवे भाडे आणि आणखी काही आठवड्यांचा खोळंबा असा होतो. पुढचे टप्पे त्याच क्रमाने घ्यावेत. दुसऱ्या टप्प्याचा निर्णय न होता तिसऱ्याकडे गेल्यास बहुतेक वेळा परत मागे यावे लागते.

टप्पा १: कड कुठे उघडी पडणार, हे आधी पाहा

काच टेबलावर तीन प्रकारे बसते, आणि कोणती कड लागेल हे सर्वांत जास्त यावरच ठरते.

पहिला प्रकार म्हणजे लाकडी टेबलावर आच्छादन म्हणून घातलेली काच. येथे काचेला खालून पूर्ण आधार असतो आणि हाताला लागते ती फक्त वरची धार. अशा काचेचे माप टेबलाच्या टोकापासून टोकापर्यंत घेण्याची चूक सर्रास होते. जुन्या सागवानी किंवा फणसाच्या टेबलांच्या कडांना गोलाई दिलेली असते, आणि त्या गोलाईवर आलेली काच अधांतरी राहून पहिल्याच आघाताला टवका सोडते. लाकडाचा सपाट भाग जिथे संपतो, तिथेच, किंवा त्याच्याही एक-दोन मि.मी. आत काच संपली पाहिजे.

दुसरा प्रकार म्हणजे चौकटीच्या खाचेत बसवलेली काच. येथे कड दिसतच नाही, त्यामुळे पॉलिशवर खर्च करण्याचे कारण नाही. तरीही कच्ची कड ठेवून चालत नाही. कापलेल्या काचेच्या कडेवर बारीक तडे असतात आणि काच फुटण्याची सुरुवात बहुधा त्यांच्यापासूनच होते, म्हणून सर्व बाजूंची धार मारून, म्हणजे बोथट करून घ्यावी किंवा साधे मॅट ग्राइंडिंग, म्हणजे चकाकी न आणता कड सपाट घासून घ्यावी.

तिसरा प्रकार म्हणजे पायांवर, खांबावर किंवा एखाद्या जुन्या वस्तूवर ठेवलेली मोकळी काच. बैलगाडीचे चाक, दगडी जाते किंवा उखळ यांवर गोल काच ठेवून केलेली टेबले किनाऱ्यावरच्या निवासांमध्ये आता बरीच दिसतात. येथे कड चारही बाजूंनी उघडी असते, तिला गुडघे लागतात, खुर्च्यांची पाठ आपटते आणि मुलांची डोकी साधारण त्याच उंचीवर येतात. कडेवर पैसे खर्च करायचे असतील तर ते येथे करावेत.

सावधान: चौकट लोखंडी असेल आणि घर समुद्रापासून जवळ असेल तर काच खाचेत घट्ट बसवू नये. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापते, त्यामुळे गंज वाढत गेला की चौकट काचेच्या कडेला दाबू लागते. लाकडी चौकटही पावसाळ्यात फुगते आणि खाच आवळते. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात घेतलेल्या मापाची काच प्रत्येक बाजूला सुमारे ३ मि.मी. मोकळी राहील अशी करावी, आणि काच व धातू यांच्यामध्ये रबराची पट्टी असावीच.

टप्पा २: काचेचा प्रकार आणि जाडी पक्की करा

कडेचा आकार जाडीतून कोरला जातो, त्यामुळे जाडी ठरल्याशिवाय कडेविषयी बोलण्यात अर्थ नाही. पूर्ण आधार असलेल्या आच्छादनासाठी ५ किंवा ६ मि.मी. पुरते. चारही बाजूंनी चौकटीचा आधार असेल तर ८ किंवा १० मि.मी. घ्यावी. चार पायांवर किंवा मधल्या एकाच खांबावर ठेवायच्या जेवणाच्या टेबलासाठी मात्र १२ मि.मी.च्या खाली जाऊ नये, आणि ती काच टफन केलेलीच असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. साधी काच फुटली की तिचे लांब, धारदार तुकडे होतात, तर टफन काचेचे बारीक, बोथट कण होतात.

वजनाचा हिशेब याच वेळी करावा. काचेचे वजन दर चौरस मीटरला, दर मि.मी. जाडीमागे अडीच किलो भरते. ५ फूट बाय ३ फूट मापाची १२ मि.मी. काच त्यामुळे जवळजवळ ४२ किलोंची होते. जुन्या घराच्या अरुंद दारातून, जांभ्याच्या पायऱ्या चढवून ती ओटीवर कोण नेणार, हे ऑर्डर देण्याच्या आधी ठरलेले बरे.

दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली लॅमिनेटेड काच सुरक्षित असते, पण तिची उघडी कड दमट हवेत टिकवणे अवघड असते. पडद्यात कडेकडून ओल शिरते आणि काही काळाने कडेलगत पांढुरका पट्टा दिसू लागतो. शिवाय दोन्ही थर आधी टफन करून मग चिकटवले असतील तर त्यांच्या कडा तंतोतंत जुळतातच असे नाही, आणि जुळल्या नाहीत तर नंतर घासून त्या एकसारख्या करता येत नाहीत. उघड्या पडवीत अशी काच लावायचीच असेल तर ती चौकटीत, कड झाकून लावावी.

रंगाविषयी एकच गोष्ट सांगण्याजोगी आहे. साध्या पारदर्शक काचेची कड हिरवट दिसते, कारण काचेत लोहाचा अंश असतो. जाडी जितकी जास्त आणि पॉलिश जितके चांगले, तितका तो हिरवा रंग उठून दिसतो. तो नको असेल तर एक्स्ट्रा क्लिअर काच मागावी लागते. पॉलिशचा प्रकार बदलून तो जात नाही.

टप्पा ३: कडेचा प्रकार निवडा

काचवाल्यांकडे वापरात असलेले मुख्य प्रकार पुढे दिले आहेत. नावे दुकानागणिक थोडी बदलतात, म्हणून नावाबरोबर आकारही कागदावर काढून दाखवावा.

*धार मारणे.* वरची आणि खालची तीक्ष्ण धार फक्त बोथट केली जाते. झाकलेल्या कडेसाठी हे पुरेसे आहे. उघड्या कडेसाठी ते अपुरे आहे, कारण कडेचा मधला भाग खडबडीतच राहतो.

*मॅट ग्राइंडिंग.* कड सपाट आणि एकसारखी होते, पण तिचा रंग दुधाळ राहतो. दिसायला शांत असल्यामुळे काही जण मुद्दाम हीच कड निवडतात. स्वयंपाकघरालगतच्या टेबलासाठी मी ती सुचवत नाही. अशा कडेच्या बारीक खाचांत तेल आणि हळद जाऊन बसतात आणि माशांच्या कालवणाचा हात एकदा फिरला की पिवळट रेघ घासूनही पूर्ण निघत नाही. खाऱ्या हवेतला चिकटाही अशाच पृष्ठभागावर धरतो.

*फ्लॅट पॉलिश.* कड सरळ उभी, आरशासारखी चकचकीत असते, आणि वर-खाली साधारण १ ते दीड मि.मी.ची तिरपी धार मारलेली असते. चौकोनी टेबलासाठी हीच निवड सर्वांत निर्धोक आहे. सरळ बाजू यंत्रातून एका दमात निघते, काम एकसारखे होते आणि पुसायला सोपे जाते. फक्त त्या तिरप्या धारेवर लक्ष ठेवावे, कारण ती फार बारीक ठेवली तर कड चकचकीत असूनही हाताला टोचते.

*पेन्सिल पॉलिश.* कड हलकी गोलसर असते. गोल, लंबगोल आणि वेड्यावाकड्या आकाराच्या काचेला ही कड सहज देता येते, म्हणून चाकावर किंवा उखळावर ठेवायच्या गोल काचेसाठी पहिली पसंती हीच असावी. जाड काचेवर ही गोलाई उथळ दिसते. तुम्हाला पूर्ण अर्धगोल हवा असेल तर तो वेगळा प्रकार आहे.

*हाफ राऊंड.* वरपासून खालपर्यंत भरीव अर्धगोल. १० किंवा १२ मि.मी. काचेवर ही कड शोभते आणि लहान मुलांच्या घरात सर्वांत सुखकर ठरते. तिच्यासाठी घासावी लागणारी काच जास्त, त्यामुळे दरही जास्त असतो. हातयंत्रावर केलेली हाफ राऊंड कड अनेकदा लहरी निघते, म्हणून हे काम यंत्रावर होणार आहे का, हे विचारून घ्यावे.

*बेव्हल.* कडेलगतचा वरचा पट्टा तिरपा घासून पातळ केला जातो. प्रकाश पडला की तो झळकतो, आणि दुकानातला नमुना पाहून सर्वाधिक ग्राहक यालाच भुलतात. पण हिशेब करून पाहावा. सुमारे ७ अंशांच्या उताराने २५ मि.मी. रुंद बेव्हल मारला तर कडेची जाडी जवळजवळ ३ मि.मी.ने उतरते. १२ मि.मी. काचेला त्यानंतर ९ मि.मी. कड उरते आणि ती चालते. ६ मि.मी. काचेला उरते ती केवळ ३ मि.मी. खुर्चीचा हात जिथे रोज लागणार, नेमक्या त्याच जागी आपण काच निम्मी करून घेतलेली असते. पातळ काचेला बेव्हल हवाच असेल तर तो अर्ध्या इंचापेक्षा रुंद मागू नये, आणि काच टफन करायची असल्यास कडेला किमान किती जाडी लागते, हे भट्टीवाल्याला विचारल्यावाचून ऑर्डर पक्की करू नये. गोल काचेवरच्या बेव्हलला वेगळे यंत्र लागते. ते नसलेला काचवाला काम बाहेर पाठवतो आणि वेळ वाढतो.

नक्षीदार लहरी कडांविषयी मी येथे अधिक लिहीत नाही. त्यांच्या वळणांत धूळ आणि वाळू साठते, आणि किनाऱ्यावरच्या घरात वाळू येतच राहते.

तपासणी: निवड पक्की करण्यापूर्वी पुढची तीन वाक्ये पूर्ण करता आली पाहिजेत. "माझी काच … मि.मी.ची, टफन / साधी आहे." "तिच्या … बाजू उघड्या आहेत." "त्या कडेला रोज … लागणार आहे." यातले एकही वाक्य अडत असेल तर पहिल्या टप्प्याकडे परत जावे.

खर्चाचा अंदाज असा काढतात की काचेचा दर चौरस फुटाला आणि कडेचा दर धावत्या फुटाला असतो. ५ बाय ३ फुटांच्या काचेत १५ चौरस फूट काच असते, पण कड १६ धावते फूट असते. कडेच्या दरातला लहानसा फरक त्यामुळे बिलात मोठा दिसतो. टेबल कायम भिंतीला लागून राहणार असेल तर मागच्या बाजूचे पॉलिश वाचवता येते, मात्र काच टफन होणार असल्यास त्या बाजूचीही धार मारलेली हवीच, कारण कच्च्या कडेची काच भट्टीत तडकण्याचा धोका असतो.

टप्पा ४: कोपरे वेगळे ठरवा

कड सांगितली की कोपरे आपोआप ठरतात, हा समज चुकीचा आहे. काही न सांगितल्यास कोपरा काटकोनातच येतो, त्याचे टोक फक्त जरा बोथट केलेले असते. टफन काचेच्या बाबतीत असे टोक हा सर्वांत नाजूक भाग असतो. फरशीवर कोपरा टेकला की पूर्ण काच क्षणात विखुरते.

"कोपरा एक इंच" असे तोंडी सांगू नये. कोणी त्यावरून एक इंच त्रिज्येची गोलाई समजेल, कोणी एक इंच तिरपा काप. "चारही कोपरे गोल, त्रिज्या २५ मि.मी." असे लिहावे. मुले असलेल्या घरात ५० मि.मी. त्रिज्या घ्यावी.

काचेला आतल्या बाजूने खाच हवी असेल, म्हणजे पडवीतल्या खांबाला वळसा घालून टेबल बसवायचे असेल, तर आतला कोपरा कधीही काटकोनात ठेवू नये. तिथूनच तडा जातो. भोक हवे असल्यास त्याचा व्यास काचेच्या जाडीपेक्षा कमी नसावा आणि ते कडेच्या फार जवळ येऊ नये.

टप्पा ५: माप आणि फर्मा

चौकोनी टेबलाची लांबी आणि रुंदी प्रत्येकी तीन ठिकाणी मोजावी, आणि दोन्ही कर्णही मोजावेत. कर्णांत फरक निघाला तर टेबल काटकोनात नाही, हे समजावे. जुनी घरगुती टेबले पुष्कळदा अशीच असतात. मग नुसत्या आकड्यांवर विसंबू नये, फर्माच, म्हणजे काचेच्या आकाराचा कापलेला नमुना, द्यावा.

फर्मा वर्तमानपत्राचा किंवा खोक्याच्या पुठ्ठ्याचा करू नये. पावसाळ्यात कागद ओल धरून वाढतो आणि पुठ्ठा लुळा पडतो, त्यामुळे घरी बरोबर बसलेला फर्मा दुकानात पोहोचेपर्यंत बदललेला असतो. ३ किंवा ४ मि.मी. प्लायवूड घ्यावे. त्यावर "वरची बाजू" असे ठळक लिहावे, कारण असमान आकाराचा फर्मा उलटा धरला गेला तर काच आरशातल्यासारखी उलटी बनते. पेन्सिलीची रेघ फर्म्याच्या आत धरायची की बाहेर, असा प्रश्न उरू नये म्हणून फर्मा रेघेवरच कापून, जागेवर ठेवून पाहावा आणि मगच पाठवावा.

सुतार सुतांत बोलतो आणि काचवाला मि.मी.मध्ये. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मि.मी. दोघांमधला निरोप्या तुम्हीच असता, म्हणून सगळी मापे एकाच एककात, शक्यतो मि.मी.मध्ये लिहून काढावीत.

सावधान: घासण्यात काच कमी होते, म्हणून काचवाला ती मुळातच थोडी मोठी कापतो. ग्राहकाने स्वतःही "घासण्यात जाईल" म्हणून चार मि.मी. वाढवले तर काच मोठी होते आणि खाचेत बसत नाही. नेहमी कड झाल्यानंतरचे तयार माप द्यावे आणि "तयार माप" हे शब्द लिहावेत.

टप्पा ६: ऑर्डरची चिठ्ठी

फोनवर ऑर्डर देऊ नये. पुढील नमुन्यासारखी चिठ्ठी लिहून तिची एक प्रत स्वतःकडे ठेवावी:

"काच: क्लिअर, १२ मि.मी., टफन. तयार माप: १५२४ × ९१४ मि.मी. कड: चारही बाजू फ्लॅट पॉलिश, यंत्रावर, वर-खाली धार दीड मि.मी. कोपरे: चारही गोल, त्रिज्या २५ मि.मी. भोक: नाही. शिक्का: कोपऱ्यात, मागच्या लांब बाजूला. कडेवर टवका असल्यास काच स्वीकारली जाणार नाही."

शिक्क्याची ओळ अनेक जण विसरतात. टफन काचेवर उत्पादकाचा कायमचा शिक्का असतो, त्यात मानक ब्यूरोच्या आयएस २५५३ या मानकाचा उल्लेख पाहावा. तो कुठे यावा हे सांगितले नाही, तर नेमका पाहुण्यांच्या समोर येतो.

गणपतीच्या आधीच्या महिन्यात किनारपट्टीवरच्या बहुतेक घरांची डागडुजी एकदम निघते आणि काचवाल्यांकडे गर्दी होते, त्यातच घाटांत पावसाने वाहतूक अडते. चतुर्थीला टेबल हवे असेल तर चिठ्ठी मे महिन्यातच द्यावी.

टप्पा ७: काच ताब्यात घेताना

गाडीतून उतरवण्याआधी शिक्का आणि माप पाहावे, आणि उतरवल्यावर, पैसे देण्याआधी, कड तपासावी. काच आडवी न ठेवता गोणपाट गुंडाळलेल्या दोन लाकडी ठोकळ्यांवर उभी, भिंतीला किंचित कललेली ठेवावी. उघड्या जांभ्यावर किंवा फरशीवर ती थेट टेकवू नये.

मग कापसाचा लहान बोळा घेऊन तो कडेवरून सावकाश फिरवावा. जिथे टवका किंवा राहिलेली धार आहे, तिथे कापसाचे तंतू अडकून राहतात, आणि डोळ्यांना न दिसणारी जागाही सापडते. बोट फिरवून हीच तपासणी करण्याचा मोह आवरावा. त्यानंतर दिव्याच्या नळीचे प्रतिबिंब कडेत पकडून डोळा कडेच्या रेषेत आणावा. प्रतिबिंब सलग सरकले तर पॉलिश एकसारखे आहे. ते मध्येच तुटले किंवा लाटेसारखे हलले, तर कड हाताने घासलेली किंवा घाईत केलेली आहे.

काच टफन आहे की नाही अशी शंका असेल तर पोलराइज्ड गॉगल लावून, आकाशाचा उजेड काचेत परावर्तित होईल असे पाहावे. टफन काचेत फिकट-गडद ठिपके किंवा पट्टे दिसतात.

सावधान: टफन काचेच्या कडेला टवका दिसल्यास "इथेच घासून देतो" हे मान्य करू नये. साधी काच पुन्हा घासता येते, फक्त माप काही मि.मी.ने कमी होते. टफन काचेला मात्र टवक्यासह घरात घेऊ नये.

पावसात आलेली काच ओल्या कागदात गुंडाळून ठेवू नये. काचेला चिकटून राहिलेल्या ओलीचे डाग पुढे पुसूनही जात नाहीत. आल्याबरोबर सोडवून, गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करावी.

टप्पा ८: बसवणे

प्रथम टेबलाची चौकट लेव्हल लावून पाहावी, कारण जुन्या घरांची जमीन क्वचितच समपातळीत असते आणि तीन पायांवर टेकलेली काच सतत ताणाखाली राहते. काच आणि आधार यांच्यामध्ये पारदर्शक सिलिकॉनची बटणे लावावीत. लाकडावर थेट ठेवलेल्या काचेखाली पावसाळ्यात ओल कोंडते, पॉलिश पांढरे पडते आणि बुरशी धरते. बटणांमुळे मध्ये हवा खेळती राहते. काच चिकटवायची असल्यास व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन पितळेच्या किंवा लोखंडाच्या आधारावर वापरू नये, ते धातू खाते. न्यूट्रल सिलिकॉन मागून घ्यावे.

बसवून झाल्यावर प्रत्येक खुर्ची एकदा टेबलाखाली सरकवून पाहावी. खुर्चीचा हात कडेला लागत असेल तर खुर्चीच्या हातावर फेल्टची पट्टी लावावी, आणि मोकळ्या काचेच्या खालच्या धारेवरूनही एकदा कापूस फिरवावा, कारण बसलेल्या माणसाच्या गुडघ्याला लागते ती खालचीच धार, आणि काचवाल्याकडे सर्वांत कमी तपासली जातेही तीच.